वही कोणाच्या हाती? : गृहकर्ज, घरखर्च आणि भारतीय कथनपरंपरा

१

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण मराठीत सर्वतोमुखी आहे. घर उभारणे आणि लग्न लावणे या दोन कृत्यांत माणसाची ऐपत, चिकाटी आणि नातेसंबंध यांची कसोटी लागते, असा तिचा आशय. घर बांधून झाल्यावर, किंवा आजच्या भाषेत घर 'घेऊन' झाल्यावर, पुढे काय होते याविषयी मात्र ही म्हण काही सांगत नाही. ती ज्या समाजात घडली त्या समाजात घराचा खर्च एकदाच होत असे. साठवलेली पुंजी, मोडलेले दागिने, आप्तांकडून घेतलेले हातउसने आणि प्रसंगी सावकाराचे कर्ज एवढ्यावर घर उभे राही. कर्ज उरलेच, तर ते घराच्या गोष्टीतले एक दुर्दैव मानले जाई. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात हा क्रम उलटा झाला. शहरी मध्यमवर्गीय कुटुंब प्रथम घरात राहू लागले आणि त्याची किंमत पुढील पंधरा-वीस वर्षे दरमहा चुकवू लागले. घराच्या गोष्टीची सुरुवातच आता कर्जापासून होते.

या बदलाचा आर्थिक इतिहास बऱ्याच प्रमाणात लिहिला गेला आहे. वाङ्मयीन अभ्यासाने मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. ऋण हा भारतीय कथनसाहित्याचा जुना आणि मोठा विषय आहे. सावकार, खत, गहाण, जप्ती यांभोवती उडिया, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत गद्यकथनाची एक समर्थ परंपरा उभी राहिली. मासिक हप्त्याने फिटणारे गृहकर्ज मात्र कोट्यवधी लोकांच्या जगण्याचा भाग होऊनही कथनाच्या कडेलाच राहिले. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी एक साधा प्रश्न हाती घेता येतो : कर्जाची वही कोणाच्या हाती असते? ती सावकाराच्या हाती होती तेव्हा साहित्याने काय पाहिले आणि ती घरात, विशेषतः गृहिणीच्या हाती आली तेव्हा साहित्याची दृष्टी तिकडे का वळली नाही, याचा विचार येथे केला आहे.

२

शब्दांपासून आरंभ करणे इष्ट ठरेल, कारण कर्जविषयक मराठी शब्दसंग्रहात या इतिहासाचे अनेक थर शिल्लक आहेत. 'ऋण' हा संस्कृत शब्द प्रतिष्ठित आहे. वैदिक परंपरेत मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मास येतो. हे ऋण असणे लाजिरवाणे नसून ते न फेडणे हा दोष होय. अरबीतून आलेल्या 'कर्ज' या शब्दाला हे पावित्र्य नाही. ग्रंथाच्या आरंभी लेखक 'ऋणनिर्देश' करतो. 'कर्जनिर्देश' कोणी करीत नाही. ऋण मिरवता येते, कर्ज झाकावे लागते. 'गृहऋण' आणि 'गृहकर्ज' हे दोन्ही शब्द मराठीत घडवता येत असताना रूढ झाला तो दुसरा.

'हप्ता' हा शब्द याहून उद्बोधक आहे. फारसी 'हफ्त' म्हणजे सात. त्यावरून आठवडा, आणि पुढे ठरावीक मुदतीने द्यावयाची रक्कम. हिंदी आणि बंगालीने याच अर्थाने अरबी 'किस्त' स्वीकारला. त्याच्या मुळाशी वाटा आणि न्याय्य भाग या अर्थच्छटा आहेत. कन्नडमध्ये 'कंतु', तमिळमध्ये 'तवणै', तेलुगूमध्ये 'वायिदा' असे शब्द चालतात. यांपैकी शेवटचा मराठी 'वायद्या'चा सख्खा भाऊ. मराठीतील 'हप्ता' मात्र आणखी एका दिशेने वाढला. मुंबईच्या बोलीत तो गुंडाला द्यावयाच्या खंडणीचाही वाचक झाला. बँकेला दिला जाणारा हप्ता आणि दादाला दिला जाणारा हप्ता यांना भाषेने एकच नाव दिले. नियमितपणे द्यावे लागणारे आणि न दिल्यास धोका उत्पन्न करणारे देणे, हा दोहोंतील समान अर्थ बोलीने अचूक टिपला आहे.

'मॉर्गेज' या शब्दाचा इतिहासही येथे प्रस्तुत ठरतो. जुन्या फ्रेंचमधील त्याचा अर्थ 'मृत तारण' असा आहे. इंग्लिश कायदेपंडितांनी दिलेल्या एका प्रसिद्ध स्पष्टीकरणानुसार, ऋणकोने पैसे न फेडल्यास तारण त्याच्या दृष्टीने मृत होते आणि फेडल्यास धनकोच्या दृष्टीने. मराठी व्यवहारात गहाणाचे प्रकार ताब्यावरून ओळखले जात. ताबा सावकाराकडे गेला तर ते कब्जेगहाण, मालकाकडेच राहिला तर नजरगहाण, आणि मुदतीत रक्कम न दिल्यास विक्री पक्की होणार असेल तर ती मुदतखरेदी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने असे प्रकार संहितेत बसवले. आजचे गृहकर्ज या वर्गीकरणात नजरगहाणाच्या जवळचे आहे. माणूस घरात राहतो. मूळ कागदपत्रे मात्र बँकेच्या कपाटात असतात.

३

वही सावकाराच्या हाती होती त्या काळाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक चित्र म्हणजे १८७५ चे दख्खनमधील दंगे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून जाळण्यात आले. निरक्षर ऋणकोने कागदाविरुद्ध केलेला हा उठाव होता. जे त्याला वाचता येत नव्हते आणि ज्यावर त्याचा अंगठा होता, ते त्याने नष्ट केले. तुकारामांनी आपल्या वाट्याचे कर्जखतांचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, असे परंपरा सांगते. तेथे धनकोच खते बुडवतो. १८७५ मध्ये ऋणको ती जाळतो. या दोन प्रतिमांमधील अंतर महाराष्ट्राच्या ऋणेतिहासातले एक मोठे अंतर आहे.

या दंग्यांच्या चौकशीनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्यातील काही तरतुदी विशेष लक्षणीय आहेत. न्यायालयास रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. न्यायालय देणे हप्त्यांनी फेडण्याची मुभा देऊ शकत होते. म्हणजे पासबुक आणि हप्ता ही आधुनिक गृहकर्जाची दोन ठळक साधने दख्खनच्या शेतकऱ्याला ऋणकोचे संरक्षण म्हणून मिळाली होती. वहीची एक प्रत ऋणकोच्या घरात यावी, हा विचार प्रथम कायद्याने मांडला.

साहित्यानेही हाच धागा पकडला. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याचे कर्ज हे त्याच्या अज्ञानाशी आणि लेखणी हाती असलेल्यांच्या वर्चस्वाशी जोडलेले आहे. फकीरमोहन सेनापती यांच्या 'छ माण आठ गुंठ' (नियतकालिकातून १८९७-९९) या उडिया कादंबरीत भगिया आणि सारिया हे विणकर जोडपे अपत्यप्राप्तीसाठी देवीचे मंदिर बांधण्याच्या नादाने मंगराजाकडे जमीन गहाण ठेवते आणि सर्वस्व गमावते. प्रेमचंदांच्या 'गोदान'मध्ये (१९३६) होरीचे कर्ज अनेक धनकोंत विभागलेले असून ते कधी आणि किती फिटले हे त्याला निश्चितपणे कधीच कळत नाही. प्रदेश आणि शैली भिन्न असूनही या कृतींत कर्जाचे स्वरूप एकच आहे. त्याचा आकडा दुसऱ्याच्या वहीत असतो, तो न दिसता वाढतो आणि शेवटी एका घटनेच्या रूपाने समोर येतो. जप्ती, बेदखली, मृत्यू यांसारख्या घटना कथानकाला कळसबिंदू पुरवतात. कथनसाहित्याला हे कर्ज मानवले, कारण त्यात प्रतिपक्ष होता, रहस्य होते आणि शेवट होता.

जुन्या हिंदू विधीतील 'दामदुप्पट' या नियमाचाही उल्लेख येथे करावा लागतो. कोणत्याही एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा हा नियम. त्याचे मूळ मनुस्मृतीसारख्या स्मृतिग्रंथांत आहे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला होता. व्याजाला मर्यादा असावी हा नैतिक संकेत त्यातून लोकभाषेत रुजला. पुढे हप्त्यांच्या गणिताकडे वळताना या संकेताची आठवण उपयोगी पडेल.

४

वही दुसऱ्याच्या हाती असण्याच्या या परंपरेशेजारी एक दुसरी, तुलनेने उपेक्षित परंपरा आहे. ती घरखर्चाच्या वहीची. उर्दूतील आद्य कादंबऱ्यांत गणल्या जाणाऱ्या नज़ीर अहमद यांच्या 'मिरात-उल-उरूस'ची (१८६९) नायिका असगरी ही मुळात हिशेबनीस आहे. सासरी आल्यावर तिला दिसते ते असे : घरातील जुनी मोलकरीण मामा अज़मत खरेदीत पैसे खाते आहे, दुकानदारांची उधारी वाढली आहे आणि कर्ता पुरुष नोकरीनिमित्त दूर आहे. असगरी एकेका देण्याची फोड करते, सासऱ्यांना बोलावून घेते आणि घर सावरते. कादंबरीचे संघर्षस्थान वाण्याच्या बिलात आहे. कर्जाचा आकडा तपासता येतो आणि तो तपासणे हेच शहाणपण आहे, ही दृष्टी येथे स्त्रीपात्राद्वारे येते. या कादंबरीचा उपदेशपर हेतू आणि तिच्यातील आज्ञाधारक गृहिणीचा आदर्श यांवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे. तरीही भारतीय कथनात घरखर्चाला नाट्याचा दर्जा देणाऱ्या आरंभीच्या कृतींत तिचे स्थान निश्चित आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी घरखर्च शासनाच्याही दृष्टिपथात आला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली; जी. फिंडले शिरस यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्य, सरपण, कपडे, भाडे आणि कर्जाचे व्याज अशी कुटुंबाची विभागणी प्रथमच स्तंभांत मांडली गेली. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा कमी होतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेले सूत्र अशा पाहण्यांच्या मागे होते. गिरणगावात रुपयास दरमहा एक आणा हा व्याजदर त्या काळी नित्याचा होता. वर्षाचा हिशेब केला तर तो ७५ टक्के होतो. चाळीतील खोलीचे भाडे हे या अंदाजपत्रकातील एक कलम होते. घराची किंमत हे कलम त्यात असणे शक्यच नव्हते. कामगाराचे मालकीचे घर असलेच तर ते कोकणात किंवा देशावर, गावी होते. मुंबईत त्याचे बिऱ्हाड होते. 'घर' आणि 'बिऱ्हाड' हा भेद मराठीने दीर्घकाळ जपला, आणि गृहकर्जाने प्रथम पुसला तो हाच भेद.

५

मुंबईत मालकी हक्काच्या घराची कल्पना सहकारातून आली. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली. कानडा मुलखातून नोकरीसाठी आलेल्या कोंकणीभाषक चित्रापूर सारस्वतांच्या या उपक्रमामागे श्रीपाद सुब्राव तालमकी यांची प्रेरणा होती. येथे सभासद हा संस्थेचा भागधारक म्हणून सहमालक आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू होता. वही आता संस्थेची होती आणि ती वार्षिक सभेत सर्वांसमोर उघडली जात असे. सावकाराची गुप्त खतावणी आणि पुढे आलेला बँकेचा वैयक्तिक खातेउतारा यांच्यामधील हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण यात देण्याचा हिशेब सामूहिक होता.

स्वातंत्र्यानंतर घटनाक्रम वेगाने बदलला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. जुन्या भाडेकरूंना त्याचे संरक्षण मिळाले. पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हळूहळू परवडेनासे झाले. त्यातून एका बाजूस पागडीची प्रथा बळावली आणि दुसऱ्या बाजूस 'ओनरशिप'चा फ्लॅट हा नवा व्यवहार पुढे आला. या व्यवहारातील फसवणुकींना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी सदनिकांविषयीचा कायदा केला. त्यानुसार लेखी करार नोंदवल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नसे. पण उरलेले पैसे नोकरदाराने आणायचे कोठून? भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची घरबांधणी अग्रिम योजना, विम्याच्या पॉलिसीवरील कर्ज, स्त्रीधनातील सोने, भिशी आणि हातउसने हीच साधने होती. केरळमधील कुरी आणि तमिळनाडूतील चीट्टू यांचेही कार्य भिशीसारखेच होते. ओळखीच्या माणसांचा शब्द हेच तेथे तारण.

या पार्श्वभूमीवर १९७७ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने मुंबईत हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन, अर्थात एचडीएफसी, स्थापन झाली. व्यक्तीला थेट दीर्घ मुदतीचे गृहकर्ज देणे हेच तिचे मुख्य कार्य होते. (पुढे १ जुलै २०२३ रोजी ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली.) याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे म्हाडा, अस्तित्वात आले. आणि याच वर्षी शंकर शेष यांच्या कथेवर आधारित, भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. सुदीप आणि छाया हे कारकुनी करणारे तरुण जोडपे पै-पै साठवून फ्लॅटसाठी पैसे भरते. बांधकाम व्यावसायिक पैसे घेऊन पसार होतो. आणि घर हवे म्हणून सुरू झालेले नाते घराअभावी मोडते. गृहकर्ज देणारी संस्था उदयास येत असतानाच गृहकर्जाविना घर मिळवण्याच्या धडपडीची ही कथा पडद्यावर आली. तिच्यातील शोकांतिका बचतीची आहे. सर्व पैसे आधी आणि घर नंतर, या जुन्या क्रमाचा तो अखेरचा मोठा आविष्कार म्हणता येईल.

मराठी साहित्यात या काळातील घराचे प्रातिनिधिक रूप मालकीच्या फ्लॅटपेक्षा चाळ किंवा वाडा हे होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील (१९५८) माणसे भाडेकरू आहेत. वास्तू त्यांच्या मालकीची नाही, सहवास मात्र आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये (रंगभूमीवर १९८५) याच्या उलट स्थिती आहे. विदर्भातील देशपांडे कुटुंबाकडे वडिलोपार्जित वास्तू आहे, पण ती राखण्याचे बळ नाही. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या क्रियाकर्माचा आणि गावजेवणाचा खर्च वाड्याच्याच जिवावर उठतो. वारशाने आलेल्या घरालाही मासिक खर्च असतो आणि तो न झाल्यास भिंतीच तो वसूल करतात, हे या नाटकाने दाखवले. चाळीत मालकी नाही आणि वाड्यात उत्पन्न नाही. या दोहोंच्या मधले, उत्पन्नातून मालकी हप्त्याहप्त्याने विकत घेणारे घर मराठी साहित्यात मध्यवर्ती ठरले नाही.

६

याचे एक कारण हप्त्याच्या गणितात सापडते. दहा लाखांचे कर्ज वार्षिक साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर समान मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील सुमारे ७,०८३ रुपये व्याजाचे आणि केवळ १,५९५ रुपये मुद्दलाचे असतात. हप्ता दरमहा तोच; त्याच्या आतले प्रमाण मात्र हळूहळू बदलते. व्याज आणि मुद्दल यांचे वाटे समान होण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतात आणि निम्मे मुद्दल फिटण्यास सुमारे चौदा. वीस वर्षांत एकूण २० लाख ८३ हजारांच्या आसपास भरले जातात, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होते. दामदुप्पटीचा नियम एका वेळी थकलेल्या व्याजापुरता असल्याने येथे त्याचा भंग होत नाही. परंतु त्यामागील जुना नैतिक संकेत नकळत ओलांडला जातो, आणि ऋणकोला त्याची टोचणी जाणवत नाही, कारण कोणत्याही एका महिन्यात ओलांडण्याची घटना घडत नाही. सावकारी कर्जाला शेवटचा दिवस होता. हप्त्याला फक्त महिना आहे.

हप्त्याशेजारी नव्या घराचा बाकीचा खर्च उभा राहतो, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्या कुटुंबाचे अंदाज चुकतात ते बहुधा येथेच. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम कर्जाऊ मिळते. मुद्रांकशुल्क आणि नोंदणीचा खर्च अगदी स्वस्त घरे वगळता या किमतीत धरला जात नाही. म्हणून ताबा मिळेतो गाठीची शिल्लक संपलेली असते. त्यानंतर सोसायटीचे मासिक देखभालशुल्क, मालमत्ता कर, वीज, गॅस आणि पाण्याचा खर्च सुरू होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडासाठी आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी जमा करावी लागते. भाडेकरू असताना इमारतीचे म्हातारपण मालकाचे होते; मालक झाल्यावर ते प्रत्येकाच्या मासिक खर्चात येते.

हे सारे देणे ठरलेले असते. न ठरलेले असते ते किराणा, औषधपाणी, शाळेचा खर्च, सणवार आणि पाहुणेरावळे. त्यामुळे महिन्याचा तोल सांभाळण्यासाठी कात्री लागते ती याच कलमांना. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीत अंथरुणाची लांबी माहीत असते. बदलत्या व्याजदराच्या कर्जात तीही निश्चित नसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी जोडणे बंधनकारक झालेले असल्याने ही वाढ थेट घरापर्यंत पोहोचली. वरील उदाहरणात दर आरंभीच एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांची मुदत पंचवीस वर्षे नऊ महिन्यांच्या आसपास जाते. अनेक कुटुंबांच्या बाबतीत हप्ता न बदलता मुदतच अशी वाढत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दरबदलाची माहिती ऋणकोला देण्याचे आणि हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा स्थिर दराकडे वळणे यांतून निवड करू देण्याचे निर्देश दिले. वहीतील बदल ऋणकोला कळले पाहिजेत, हे १८७९ च्या कायद्याचे तत्त्व जवळजवळ दीडशे वर्षांनी नव्या रूपात सांगावे लागले.

घराच्या कर्जाचा मासिक हिशेब कथनाच्या केंद्री आणणारी एक थोर कृती भारतीय वंशाच्या समाजाविषयी असली तरी भारताबाहेरची आहे, ही गोष्ट तुलनाकारांस विचारप्रवृत्त करणारी आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) या कादंबरीचा आरंभच जमाखर्चाने होतो. पोर्ट ऑफ स्पेनमधील सिक्किम स्ट्रीटवरील घरावर मोहन बिस्वास यांचे तीन हजार डॉलर्सचे कर्ज आहे. आठ टक्क्यांनी महिन्याचे व्याज वीस डॉलर्स आणि जमिनीचे भाडे दहा. आजारपणामुळे नोकरी गेलेली आहे. चार वर्षे होऊनही मुद्दल तसेच आहे, कारण हे कर्ज नातलगाकडून घेतलेले, केवळ व्याज भरत ठेवण्याचे आहे. घरही सदोष आहे. तरीही मरताना बिस्वास सासरच्या तुळसी कुटुंबाच्या छपराखाली नाहीत, हे त्यांचे यश कादंबरी निःसंदिग्धपणे मान्य करते. ऋण आणि प्रतिष्ठा यांचा असा मेळ सेनापती किंवा प्रेमचंद यांच्या कृतींत शक्य नव्हता. त्यांच्या पात्रांचे कर्ज असलेले घर किंवा शेत हिरावते. बिस्वास यांचे कर्ज नसलेले घर मिळवून देते. विशेष म्हणजे पत्नी शमा हिची हिशेब ठेवण्याची सवय कादंबरीत पुन्हा पुन्हा येते. स्वप्न पतीचे आहे आणि ते निभावण्याचे गणित पत्नीचे.

७

येथे मूळ प्रश्नाकडे परत येता येते. गृहकर्जाने वही सावकाराच्या पेढीतून काढून घरात आणली, हे पूर्ण सत्य नाही. कर्जाची मुख्य वही आता बँकेच्या संगणकात आहे आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. घरात उरते ती हप्ता गेल्यानंतरच्या शिल्लकीची वही. ही दुसरी वही बहुतेक घरांत स्त्रीने लिहिली, किंवा न लिहिता मनात ठेवली. दूध अर्धा लिटरने कमी करणे, धान्य वर्षाचे एकदम भरणे, भिशीचा क्रमांक शाळेच्या फीच्या महिन्यात येईल असे पाहणे, पाटल्या गहाण ठेवणे आणि सोडवणे अशा निर्णयांवर हप्ता वीस वर्षे न चुकता गेला. कर्जाच्या कागदांवर मात्र दीर्घकाळ नाव होते ते पगार मिळवणाऱ्याचे. मालकी त्याच नावाने नोंदली जाई, आणि संसार मोडला किंवा वैधव्य आले म्हणजे मनातल्या वहीला पुरावा म्हणून किंमत नसे.

अलीकडच्या धोरणांत या विषमतेची काहीशी दखल दिसते. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटांच्या घरांवर कुटुंबातील प्रौढ स्त्रीची मालकी किंवा सहमालकी असण्याची अट घालण्यात आली. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीवर मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत दिली. ही पावले महत्त्वाची आहेत. तथापि सवलतीसाठी नाव लावणे आणि वही लिहिणाऱ्याचा वाटा मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साहित्याभ्यासापुढील प्रश्नही याच ठिकाणी येतो. सावकाराच्या वहीत लपलेला आकडा कथानकाला जप्तीपर्यंत नेत होता. हप्त्याचा आकडा सर्वांना ठाऊक असतो, तो दरमहा तोच असतो आणि त्याच्यामागे कोणी मंगराज दिसत नाही. घटनेवर पोसलेल्या कथनरूपांना हे कर्ज हाती लागत नाही. ते पकडण्याची क्षमता दैनंदिनी, पत्रव्यवहार, आत्मकथन आणि घरखर्चाची वही या आवर्तनावर उभ्या असलेल्या लेखनप्रकारांत आहे. घरोघरच्या माळ्यांवर, जुन्या डायऱ्यांच्या मागील पानांवर हे लेखन पडून आहे. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळलेल्या रोख्यांच्या मागचा समाज इतिहासकारांना चौकशीच्या कागदपत्रांतून वाचता आला, कारण शासनाने ती जपली. हप्ता फिटल्यावर रद्दीत जाणाऱ्या या वह्या जपण्याची जबाबदारी कोणावरच नाही. त्या गेल्या, तर चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या दोन पिढ्यांचे घर कोणी फेडले, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावाही त्यांच्याबरोबर जाईल.